टाकी भरली, पंप बंद

३ फेब्रुवारी

धाकट्यास,

मी केलेल्या रक्ततपासणीची पावती अगदी किरकोळ होती. एका बऱ्यापैकी बेअरिंगच्या भावात काम झालं. पण खरा खर्च ऐक. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी शटर अर्धं खाली ओढलं, तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं ते तिकडचंच झालं. रक्त घेणाऱ्या मुलीने खिडकीतून खणखणीत आवाजात विचारलं, "काका, टेस्टोस्टेरॉनच ना?" बाकावरची सगळी मंडळी वर्तमानपत्रांतून एकदम वर आली. तिथे अब्रू गेली. रिपोर्ट आला त्यानंतर आठवडाभर घास गोड लागला नाही. आणि आता सगळ्यात महाग बाब. ज्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलंय, त्याला आपणहून पत्र लिहायला बसलोय. एवढं सगळं एका नळीभर रक्तापायी.

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं. ते वाजत नाही, त्यामुळे कट करता येत नाही.

मुद्द्यावर येतो. तुझी वहिनी आणि तुझी बायको, दोघी जावा रोज बोलतात हे तुलाही माहीत आहे. तिकडे तू कानाडोळा करतोस, इकडे मी. फक्त मी कानाडोळा करताना कान उघडे ठेवतो. परवा स्वयंपाकघरात कुकर शिट्या मारत होता, नळ धो धो वाहत होता, आणि फोन स्पीकरवर होता. मी बाहेर पेपर वाचत होतो. तुझी बायको म्हणाली, "दर आठवड्याला इंजेक्शन घेतात हो ताई. जिममधले सर देतात. रिपोर्ट कमी आला ना त्यांचा. म्हणतात, आता बघ, वर्षाच्या आत पाळणा हलेल." आणि मग रडली. रडू दाबत होती, पण नळाच्या आवाजातूनही मला ऐकू आलं.

तिला रागावू नकोस. तिने चुगली केलेली नाही. माझ्या कानातून काही सुटत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. रस्त्यापलीकडच्या पंपाचं बेअरिंग कधी जाणार ते मी चहा पिता पिता सांगतो. आपण दोघं त्या एका खोलीत राहायचो तेव्हा तू कुठल्या कुशीवर वळलास हे मला डोळे मिटून कळायचं. तुझ्या कानाला थंडी सोसत नाही, ऐन उन्हाळ्यातही तू कानात कापूस कोंबून झोपायचास, तेही माझ्या लक्षात आहे. तू कुणापासून काही लपवलंस तरी माझ्यापासून कधी लपवू शकला नाहीस. म्हणूनच तू ते पंपाची थरथर मोजायचं यंत्र घेऊ या म्हणालास तेव्हा मी हसलो. तू म्हणालास, "दादा, कान म्हातारा होतो. यंत्र होत नाही." मग मी जे म्हणालो ते इथे पुन्हा लिहीत नाही. तू दुकानाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि गेलास. कंपनीत तुझ्या हाताखाली आता चार यंत्रं आहेत असं ऐकतो. ठीक आहे. चांगलं आहे.

तर रिपोर्ट माझाही कमी आलाय. का केला विचारशील तर, गेलं वर्षभर अंगात जोर नाही. दुपारी गिऱ्हाईक समोर बोलतंय आणि माझी मान पुढे पडते. एका भल्या माणसाच्या पंपाच्या मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या. वहिनीवर विनाकारण खेकसतो. बाकीचं तूही पुरुष आहेस, समजून घे. टीव्हीवर जाहिरात लागली, 'पन्नाशीनंतर मरगळ? तपासून घ्या.' तपासून घेतलं. दोनशे बारा. कागदावर लिहिलेलं तीनशेपासून पुढे. आकड्यापुढे लाल बाण, खाली तोंड केलेला.

आपल्या दुकानाशेजारी पावडरींचे डबे विकणारा आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. तो म्हणाला, "काका, वयाबरोबर टाकी रिकामी होते. मी भरून देतो." एक ट्यूब दाखवली, रोज खांद्यावर चोळायची. मी म्हटलं बघू. घेतली नाही.

आता एवढंच कळव: तुझ्या रक्ताचा आकडा किती आला? पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरकडे जातोय. तिथे विचारण्यासारखं काही असेल तर तेही लिही.

दादा


१७ फेब्रुवारी

धाकट्यास,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा हटकलं. तो म्हणाला, "असेल तर देईन ना! खिशात ठेवून मला काय करायचंय?"

डॉक्टरकडे जाऊन आलो. बाई आहे, माझ्या पोरांच्या वयाची. तिला बघून मी उठायलाच निघालो होतो, वहिनीने शर्टाचं टोक धरून खाली बसवलं. बाईने रिपोर्ट हातात घेतला आणि आकडा बघायच्या आधी वरच्या कोपऱ्यातली वेळ बघितली.

"दुपारी चार?"

"दुकानातून तेव्हाच निघता येतं."

"जेवून गेलात?"

"भरपेट."

"आदल्या रात्री?"

"एका मोटरचं वाइंडिंग भरायचं होतं, उशीर झाला. शिवाय थोडा तापही होता."

तिने कागद उपडा ठेवला. म्हणाली, "काका, हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवस चढतो तसं उतरतं. जेवणाने उतरतं, तापाने उतरतं, जागरणाने उतरतं. तुम्ही चारही उताराची कारणं सोबत घेऊन गेलात आणि मग उतरलं म्हणून घाबरलात. सकाळी, उपाशीपोटी, बरे असताना, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्या. दोन्ही वेळा कमी आलं तर मग आपण बोलू."

मला मनातल्या मनात पटलं. भरदुपारी सगळी गल्ली पाणी ओढत असताना प्रेशर मोजायचं आणि पंप खराब म्हणायचं, असलं काम मी दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला दुकानाबाहेर काढला असता.

मग तिने विचारलं, "काही लावताय? काही घेताय?"

"छे."

वहिनीने पिशवीत हात घातला आणि पैलवानाची ट्यूब टेबलावर ठेवली. ग्रीसच्या डब्यांमागे सापडली म्हणे. तर मागच्या पत्रातलं 'घेतली नाही' खोडून वाच. घेतली होती. पण चोळली फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा रिपोर्टनंतर.

बाई ओरडली नाही. हेच वाईट. ओरडली असती तर मी उलट बोललो असतो. ती म्हणाली, "पंपाचं दुकान आहे ना तुमचं? मग तुम्हीच सांगा. गच्चीवरच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा फ्लोट असतो. पाणी वर आलं की काय होतं?"

"फ्लोट उचलतो, स्विच पडतो, खालचा पंप बंद."

"बाहेरून टँकर आणून टाकी भरली तर?"

"तरी फ्लोट वरच. त्याला काय माहीत पाणी कुठलं! पंप बंदच राहणार."

"आणि रोज टँकर आणला तर?"

धाकट्या, बंद ठेवलेल्या पंपाचं काय होतं ते तुला मी लिहून कळवायचं का? वॉशर वाळतो, आतलं इंपेलरचं चाक जाम होतं. किती पंप आपण दोघांनी पान्याने आणि शिव्यांनी सोडवलेत!

तिने सांगितलं ते तसंच लिहितो. मेंदूखाली एक ग्रंथी आहे, ती आपला फ्लोट. रक्तात हे हार्मोन बाहेरून आलं की तिला वाटतं भरपूर आहे, ती खाली हुकूम पाठवायचं थांबवते. खालचा कारखाना बंद पडतो. आणि त्या कारखान्यात नुसतं हार्मोन बनत नाही. पोरं ज्याने होतात तेही तिथेच बनतं.

मी विचारलं, "म्हणजे मूल हवं असलेला माणूस इंजेक्शन घेत असेल तर?"

"तर तो मुलाची वाट स्वतःच्या हाताने अडवतोय. अंगात जोर वाटेल, दंड भरतील, रिपोर्टचा आकडा सुरेख येईल. आणि बीज जवळजवळ शून्यावर जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हा माणूस तुम्हीच का, काका?"

"मला दोन मुलं आहेत, लग्नाची झालीत. हा माझा भाऊ आहे."

"मग इथे काय बसलात? सांगा त्याला."

सांगतोय. ऐक, मी तुला कधी विनवलं नाही, किल्ल्या ठेवल्यास त्या दिवशीही नाही. आता विनवतो. ते इंजेक्शन देणारा सर असो नाहीतर दुसरा कुणीही असो, खऱ्या डॉक्टरला दाखव. मनाने एकदम काही बंद करू नकोस, मनाने काही चालूही ठेवू नकोस. बाई म्हणाली की बहुतेकांचा पंप पुन्हा चालू होतो, पण महिने लागतात, कधी वर्षही लागतं, आणि जितका उशीर तितकं अवघड. बायकोला घेऊन जा. ती दर महिन्याला स्वतःलाच दोष देत बसते हे तुला कळतंय का? मला नळाच्या आवाजातून ऐकू आलं, तुला शेजारच्या उशीवरून ऐकू येत नाही?

शेवटचं वाक्य लागलं असेल तर लागू दे.

दादा


९ मार्च

धाकट्यास,

तुझा निरोप पोचला. जावाजावांच्या मार्गाने आला. "दादाला काय कळतं यातलं? पंपवाला आहे तो." असं म्हणालास म्हणे. बरोबर आहे. पंपवालाच आहे मी. तूही आहेस. म्हणूनच तर लिहिलं. दुसऱ्या कुणाला फ्लोट समजावत बसावा लागला असता.

पण पत्र फाडलं नाहीस, तेही कळलं. फ्रीजच्या वर ठेवलंयस. फाडण्याच्या आणि वाचण्याच्या मधली जागा आहे ती. चालेल.

आता माझी फजिती ऐक. ही ऐकून तू हसशील, आणि हसत असलास की तू ऐकतोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

सकाळचं रक्त दोनदा दिलं. उपाशीपोटी, गुणी मुलासारखं रांगेत पहिला. एकदा दोनशे अडुसष्ट, एकदा दोनशे ऐंशी. लाल बाण आहेच, पण जरा लाजल्यासारखा. त्याबरोबर बाईने आणखी चार गोष्टी तपासल्या. वरून येणारा हुकूम किती, थायरॉइड कसं, साखर किती. आणि एक प्रथिन असतं, ते हे हार्मोन धरून ठेवतं. जेवढं मोकळं उरतं तेवढंच कामाला येतं. टाकीत पाणी किती हे एक, नळाला येतं किती हे दुसरं. हे मला एका वाक्यात समजलं तर बाई म्हणाली, "माझ्या विद्यार्थ्यांना दोन तास लागतात." मी वहिनीकडे बघितलं. वहिनी पंख्याकडे बघत होती.

पुढे बाईने विचारलं, "घोरता का?"

मी म्हटलं, "मुळीच नाही. माझी झोप सशाची. पाल सरकली तरी जाग येते."

वहिनी अजून पंख्याकडेच बघत होती. बाईने तिच्याकडे बघितलं आणि हसू दाबत काहीतरी लिहिलं. मला तेव्हाच वास यायला हवा होता.

चार दिवसांनी दुकानात होतो. तुला माहीत नसेल, हल्ली गिऱ्हाइकं पंपाचा आवाज फोनवर टिपून पाठवतात. मी ऐकतो आणि सांगतो, कॅपॅसिटर आणा, सील बदला. पंचक्रोशीत नाव आहे. तर आपल्या वरच्या मजल्यावर मास्तर राहतात, त्यांच्याकडून एक आवाज आला. खाली लिहिलेलं, 'हे काय असावं?' मी फोन कानाला लावला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना पण ऐकवला, म्हटलं शिका जरा. मग मास्तरांना उत्तर बोलून पाठवलं. शब्द न् शब्द आठवतोय:

"मास्तर, हा जुना कॉम्प्रेसर आहे. व्हॉल्व्ह अडकतोय. बघा, हवा ओढतो, ओढतो आणि मधेच ठप्प. मग झटका खाऊन परत सुरू होतो. मालकाने देखभाल केलेली नाही. हे असं चालवू नका. एक दिवस ठप्प होईल तो परत सुरू होणार नाही. कुणाचं धूड आहे हे?"

मास्तरांचं उत्तर आलं नाही. दहा मिनिटांनी वहिनी स्वतः दुकानाच्या पायऱ्या चढून आली. हातात फोन. दोन्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "तुमचंच आहे धूड. मी उशाशी फोन ठेवून टिपलंय. माझ्या नंबरावरून पाठवलं असतं तर ऐकून घेतलं नसतंत, म्हणून मास्तरांच्या हातून पाठवलं." आणि मग फोन टेबलावर ठेवून म्हणाली, "ठप्प होतं ना, तेव्हा मी मोजत बसते. परत सुरू होईपर्यंत मी श्वास घेत नाही."

गिऱ्हाइकांतलं एक म्हणालं, "निदान मात्र अचूक केलंत हो." मी हसलो. मग पुन्हा तो आवाज लावला आणि एकटा मागच्या बाजूला जाऊन ऐकला. धाकट्या, ती ठप्प होण्याची जागा ऐकवत नाही.

बाईकडे गेलो. तिने रात्रभर नळ्या लावून तपासणी केली. झोपेत श्वास थांबतो, इतक्या वेळा की झोप अशी होतच नाही. हे हार्मोन झोपेत तयार होतं. झोपच नाही तर कुठून होणार? शिवाय पोट. पोटाची चरबी त्या हार्मोनचं दुसरंच काहीतरी करून टाकते म्हणे. बाई म्हणाली, "ट्यूब नाही. आधी झोप, मग पोट, मग पुन्हा रक्त." आता रात्री तोंडावर मुखवटा लावून झोपतो, त्याला नळी, नळीला छोटं यंत्र, ते हवा ढकलत राहतं. वहिनी म्हणते, विमान चालवायला निघाल्यासारखे दिसता. पण ती आता झोपते. डोळ्यांखालचं काळं उतरलंय तिच्या. एवढी वर्षं ते काळं कशाचं आहे हे मी विचारलं नव्हतं.

कारण कळायच्या आधी टाकी भरायची नाही, एवढंच यातून शिकलो. माझ्यात कारण वेगळं निघालं. तुझ्यात आणखी वेगळं असेल. तुझं शोधलंय का कुणी? का थेट टँकर बोलावला?

तू बोलू नकोस माझ्याशी. पण डॉक्टरशी बोल.

दादा


२६ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "घ्या, खिशातून काढून देतोय." मी त्याला चहा पाजला.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं. तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा वहिनीला मोठ्याने, एकदा तू काय लिहिलं नाहीस ते बघायला.

एप्रिलमध्ये डॉक्टरकडे गेलास आणि मला पत्ता लागू दिला नाहीस! दोघी जावांनीही गुपित राखलं; मी नळापाशी घुटमळायचो तर वहिनी स्पीकर बंद करायची. पहिल्या तपासणीत बीज शून्य आलं, ते वाक्य मी बोट ठेवून पुन्हा वाचलं, खोटं कशाला सांगू. 'डॉक्टर म्हणाले, एकही नाही. मी घरी येईपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही.' एवढंच लिहिलंस. पुढचं मला समजलं. त्या दिवशी मी शेजारी हवा होतो.

आणि मुळात तुझंही पहिलं रक्त रात्रपाळी संपवून, जागरणावर दिलेलं होतं! एका आईची पोरं आपण. एक भरदुपारी पाणी मोजतो, दुसरा रात्रभर पंप चालवून.

इंजेक्शन बंद, डॉक्टरने दिलेली औषधं चालू, आणि मधले ते महिने. हात गळाल्यासारखे व्हायचे, चिडचिड व्हायची, आणि बायको शेजारी बसून राहायची, असं लिहिलंस. तिला माझा नमस्कार सांग. भावजयीला थोरल्या दिराने नमस्कार सांगायचा नसतो म्हणतात, तरी सांग.

आणि आता परवाच्या तपासणीत शुक्राणू दिसलेत. थोडेच आहेत, डॉक्टर म्हणाला अजून वाट बघा, हुरळू नका. मी हुरळलोय. मला कुणी मनाई केलेली नाही. बंद पंप पहिल्यांदा घरघरला की पाणी वर चढायच्या आधीच आपण दोघं कसे एकमेकांकडे बघायचो, तसं झालं मला. पाणी येईल का, ठाऊक नाही. मोटर फिरली.

माझं म्हणशील तर पोट पट्ट्याची दोन भोकं आत गेलंय. सकाळचं रक्त तीनशे सत्तरवर आलं. झोपेने किती आलं, पोटाने किती, हे बाईलाही सांगता येत नाही आणि ती सांगायचा आव आणत नाही, म्हणून तिच्यावर माझा विश्वास. बाण गेला. पैलवानाला मी ट्यूब परत केली. तो म्हणाला, "काका, तुम्हाला गरजच नव्हती मग." मी म्हटलं, "गरज होती रे. तुझी नव्हती."

दुकानात ते थरथर मोजायचं यंत्र आणलंय. माझं काही अडलेलं नाही. पण येशील तेव्हा ते चालवणारा कुणी नको का? किल्ल्या अजून त्याच टेबलावर आहेत, हलवल्या नाहीत. धूळ पुसतो फक्त.

तुझ्या पत्राच्या शेवटी, पान उलटल्यावर, एक ओळ आहे. ती मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवली नाही. पण तिने हातातून पत्र घेतलं, वाचलं, आणि भिंतीला टेकून इतकी हसली की वरून मास्तरांनी विचारलं, काय झालं. तुझ्या कानातल्या कापसाबद्दल मी पहिल्या पत्रात जे लिहिलं होतं त्याचं ते उत्तर आहे. तुझेच शब्द उतरवून ठेवतो:

'दादा, मला थंडी कधीच वाजत नव्हती.'